भूपालअण्णांचा नवा शाफ्ट

मंडळी, नमन झालं. झांजा जरा खाली ठेवा आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. वाकड्या माणसाशी कसं वागावं, हे मी तुम्हाला शिकवायची गरजच नाही! त्यात आपण सगळे पदवीधर आहोत. कोण किती फेकतो, कुणाच्या बोलण्यातलं किती वजा करायचं – सगळं तोंडपाठ! पण समोरचा माणूस सरळ निघाला तर? तो बोलतो तेवढंच त्याच्या मनात असलं तर? काय करता हो तुम्ही त्या माणसाचं?

झांजांकडे बघायला लागलात ना? मीही खाली बघितलं होतं, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा.

आज मी तुम्हाला अयोध्येला नेत नाही, द्वारकेला नेत नाही. सांगलीला चला! तिथल्या एका क्लबात, पूलच्या टेबलापाशी. गुंडोपंतांनी पेटीवरचा हातच काढला बघा! अहो पंत, घाबरू नका, पत्ते नाहीत, दारू नाही. हिरव्या कापडाचं टेबल, त्याला सहा भोकं, वर रंगीत बॉल आणि एक पांढरा. हातातल्या काठीनं मारायचं फक्त पांढऱ्याला. पांढरा जाऊन रंगीत बॉलवर आदळतो, आणि रंगीत बॉल भोकात पडतो. देव तरी दुसरं काय करतो? आपल्याला थेट कधी मारत नाही. शेजाऱ्याला ढोसतो, आणि शेजारी येऊन आपल्यावर आदळतो!

तर या टेबलावर रोज दुपारी यायचे भूपालअण्णा चौगुले. हळदीचे दलाल. आता हळदीच्या बाजाराची जुनी रीत तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. भाव तोंडानं बोलायचा नाही! दोघांनी हातावर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची. वरून गप्पा पोराच्या लग्नाच्या, आणि खाली बोटं बोलतात! तोंड म्हणतं "परवडत नाही हो", आणि बोटं म्हणतात "उचल". उभं आयुष्य अण्णांनी या रुमालाखाली काढलं. त्यामुळं झालं काय, की कुणी काही बोललं की अण्णा ते ऐकायचेच नाहीत! त्याच्या खाली काय असेल, ते चाचपायचे. बायकोनं "आज आमटी बरी झालीय" म्हटलं, तरी यांच्या मनात – हिला माहेरी जायचंय वाटतं!

हसताय? बाईसाहेब, तुमचे हे शेजारीच बसलेत, म्हणून हसताय!

आणि अशा अण्णांचा जिवलग दोस्त कोण? मनोहर बिडकर. शाळेपासूनचा, आणि याच टेबलावरचा. दवाखान्यात रक्त तपासायचं काम केलं त्यानं जन्मभर. साखर वाढली असेल तर "वाढलीय" म्हणायचा. तुम्हाला आवडो न आवडो. तिखट, गोड, आडपडदा – काही नाही! अण्णांना या माणसाचं मोठं कोडं होतं. इतक्या वर्षांत त्याच्या बोलण्याखालचं काही सापडलं नव्हतं, आणि सापडत नाही म्हणजे फारच खोल असणार, अशी अण्णांची खात्री!

आता ऐका, इथं काठीची गंमत आहे. पांढऱ्या बॉलला मधोमध मारलं तर तो सरळ जातो. पण त्याला फिरकी द्यायची तर डावीकडे नाहीतर उजवीकडे मारावं लागतं. डावीकडे मारलं की काठीचं जड टोक त्याला ढकलतं, आणि बॉल थोडा उजवीकडे सरकून जातो. नेम एकीकडे, बॉल भलतीकडे! मग खेळाडू काय करतो? आधीच नेम थोडा वाकडा धरतो. काठीचा दोष आपल्या डोळ्यात भरून घेतो, म्हणा ना. अण्णांची काठी जुनी, टोकाला जड. तिच्याशी त्यांचा हिशेब इतका पक्का बसला होता, की आपण वाकडा नेम धरतो, हे त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं!

मंडळी, हे वाक्य गाठीला बांधून ठेवा. आपण वाकडा नेम धरतो, आणि आपल्याला तो सरळ दिसतो.

त्या वर्षी अण्णा क्लबाच्या स्पर्धेत फायनलला पोचले. पहिल्यांदाच! भिंतीवर लाकडी फळा होता, विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत. त्या फळ्यावर आपलं नाव यावं, ही अण्णांची जुनी इच्छा. आणि समोर कोण? मनोहरचा सख्खा जावई, शैलेश! पोरगा गुणी, मनोहरला वडिलांसारखं आप्पा म्हणायचा. मनोहरला विचारलं, "कोण जिंकावं रे?" तर म्हणाला, "तू जिंकावंस. तो अजून पुष्कळ वर्षं खेळेल." झालं! अण्णा विचारात पडले. सासरा जावयाच्या विरुद्ध बोलतो? काहीतरी आहे यात!

त्याच आठवड्यात अण्णांच्या काठीचा पुढचा भाग, ज्याला शाफ्ट म्हणतात, तो तडकायला लागला. तुटला नव्हता, खेळण्याजोगा होता, पण नवा आणून ठेवायला हवा. दोघे मित्र एसटीनं कोल्हापूरला गेले. खेळाच्या सामानाचं दुकान, मागच्या खोलीत टेबल मांडलेलं. दुकानदारानं शाफ्ट काढून ठेवले. एक चकचकीत, दणकट. एक काळा. आणि एक साधाच, फिकट लाकडाचा, टोकाशी आतून पोकळ केलेला.

अण्णांनी चकचकीत उचलला. "हा बघ मनोहर! काय वजन आहे!"

मनोहर म्हणाला, "वजनाला काय करतोस? ते पुढं असेल तर बॉलला ढकलणारच. थांब, बघू आपण. नेम सरळ धर, हलवू नको, आणि डावीकडे मार."

चकचकीतानं मारला – बॉल उजवीकडे सरकला. काळ्यानं मारला, तो बरा गेला, पण अण्णांना हाताला परका वाटला. मग तो फिकट, पोकळ टोकाचा. मनोहरनं स्वतः मारून दाखवला. बॉल गेला सुतात!

"बघितलंस?" मनोहर म्हणाला. "याचं टोक हलकं. बॉलला लागलं की हे स्वतःच बाजूला होतं, बॉलला ढकलत नाही. लो डिफ्लेक्शन म्हणतात याला. हा घे."

काय सांगितलं बघा त्या लाकडानं! ज्याच्या नाकाशी वजन, तो भेटेल त्याला ढकलतो. ज्याचं नाक हलकं, तो आपण बाजूला होतो आणि दुसऱ्याला त्याच्या वाटेनं जाऊ देतो. मंडळी, घरोघरी कुणाच्या नाकाशी किती वजन आहे, ते मी विचारत नाही. प्रसाद घेऊन मला इथून सुखरूप जायचंय!

शाफ्ट घेतला. परत येताना गाडीत मनोहर म्हणाला – आणि आता नीट ऐका, सगळी गोष्ट या वाक्यावर उभी आहे – मनोहर म्हणाला, "भूपाल, ही फायनल मात्र जुन्यानंच खेळ. तुझ्या हाताला वाकडा नेम धरायची सवय आहे. नवा सरळ जाणार आणि तू चुकणार. फायनल झाल्यावर सावकाश याची सवय कर."

किती सरळ बोलणं! लहान मुलालाही कळेल! पण अण्णांनी मनातल्या मनात हातावर रुमाल टाकला. म्हणाले, हां! आता सापडलं! शाफ्ट चांगला म्हणून घ्यायला लावतो, आणि फायनलला वापरू नको म्हणतो. का? तर यानं खेळलो तर मी जिंकेन! जावई हरेल! म्हणून हा नको म्हणतोय! वा रे बिडकर, इतक्या वर्षांनी पकडला तुला!

अहो अण्णा! पकडलंत कुणाला तुम्ही?

फायनलच्या दुपारी क्लब भरला. अण्णांनी आपली लांबट पेटी उघडली, आणि काठीला नवा शाफ्ट चढवला. मनोहर पहिल्याच बाकावर बसला होता. तो अर्धवट उठला. "भूपाल, अरे, तो नको..." अण्णा त्याच्याकडे बघून हसले. कसे हसले? बाजारात समोरच्याची बोटं ओळखल्यावर हसतात, तसे.

खेळ सुरू झाला. साधे, मधोमध मारायचे फटके सगळे पडले. अण्णांची छाती फुगली! दोघांची बरोबरी झाली, आणि शेवटच्या डावात शेवटचा काळा बॉल राहिला. थोडी फिरकी दिली की काम झालं. हजारदा मारलेला फटका! अण्णा वाकले. हात आपोआप जुन्या हिशेबानं वाकडा झाला. मारलं. काठी सरळ होती हो! तिनं बॉल तिथंच पाठवला, जिथं अण्णांनी नेम धरला होता. आणि काळा बॉल कडेला थडकून मागं आला.

शैलेशनं पुढच्या फटक्यात तो पाडला.

टाळ्या वाजल्या. अण्णा टेबलापाशी तसेच उभे राहिले. मनोहर जवळ आला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "असू दे रे. पुढच्या वर्षी."

अण्णांनी तो हात झटकला! सगळ्यांसमोर! "वाकडी काठी गळ्यात मारलीस माझ्या! जावयासाठी!"

"भूपाल, मी तर म्हटलं होतं, वापरू नको."

"तेच तर! तुला माहीत होतं, तू नको म्हटलंस की मी वापरणार! इतका ओळखतोस तू मला! म्हणूनच नको म्हणालास!"

आता यावर काय बोलायचं, सांगा? हो म्हटलं तरी लबाड, नाही म्हटलं तरी लबाड. असल्या माणसाला सरळपणानं पोचायला वाटच नाही ठेवलेली! मनोहर वळला. मग चप्पल घालून निघून गेला.

पावसाळा गेला. दोघांची तोंडं दोन दिशांना. मनोहरनं क्लबात येणं सोडलं. अण्णा मनात म्हणायचे, येत नाही म्हणजे चोराच्या मनात चांदणं! आणि एके दिवशी सकाळी अण्णांचा फोन वाजला.

"भूपाल, मनोहर बोलतोय. घरी ये की. तुला बघावंसं वाटतंय."

एवढंच. अण्णा "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या पत्नी, कुसुमवहिनी, भाजी निवडत होत्या. "काय म्हणत होते भावोजी?"

"म्हणे बघावंसं वाटतंय. काय असेल गं? शैलेशला कुठं चिकटवायचंय का? का माझ्याकडून माफी काढायचीय?"

वहिनींनी भाजी खाली ठेवली. "अहो, बघावंसं वाटतंय म्हणजे बघावंसं वाटतंय! उठा, सदरा घाला, जा!"

पण दलालाचा एक नियम असतो मंडळी. पहिल्या बोलीला उठायचं नाही! पहिल्या बोलीला उठला तो गरजू ठरतो. अण्णांनी ठरवलं, अजून एकदा बोलावू दे. दुसऱ्यांदा बोलावलं म्हणजे खरी गरज कुणाला आहे ते कळेल. मनातून जायचं होतं हो! वहिनींनी पाहिलं, अण्णांनी सदरा इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला होता. फोन वाजला की आधी धावायचे. पण दुसरी बोली हवी होती!

दुसरा फोन आला. शैलेशचा. "अण्णा, आप्पा गेले."

(पंत, पेटी थांबवा जरा. इथं सूर नको.)

आजार पोटाचा होता. त्यानं जन्मभर माणसांचं रक्त तपासलेलं, स्वतःचं काय झालंय ते त्याला आधीच कळलं होतं. बघावंसं वाटत होतं, म्हणून त्यानं म्हटलं, बघावंसं वाटतंय.

दिवसकार्य झाल्यावर अण्णा क्लबात आले. काठी घेऊन. तो शाफ्ट मोडून टाकायचा, असं ठरवून आले होते. गुडघ्यावर धरलाही! शैलेश तिथं होता. म्हणाला, "अण्णा, थांबा. एकदा द्या इकडं." त्यानं बॉल मांडले, तसेच, फायनलच्या फटक्यासारखे. नेम सरळ धरला. डावीकडे मारलं. काळा बॉल अलगद पॉकेटात गेला.

ज्या काठीला वाकडी म्हणून माणूस तोडला, ती काठी!

शैलेश काठी परत देत म्हणाला, "आप्पा शेवटपर्यंत म्हणत होते, भूपालचा राग नाही मला. येईल तो."

आणि मंडळी, आता हे ऐका, कारण इथं माझ्या अंगावर काटा येतो. हे ऐकताक्षणी अण्णांच्या मनात पहिला विचार काय आला? हा पोरगा मला बरं वाटावं म्हणून तर बोलत नाही? याचं काय काम असेल माझ्याकडं? – मित्र गेला! काठीनं डोळ्यांदेखत साक्ष दिली! तरी आतला हात वाकडा तो वाकडाच! तो विचार आलेला अण्णांनी स्वतः पाहिला, आणि त्या टेबलाची कड धरून हा म्हातारा माणूस ढसाढसा रडला. मनोहर गेला म्हणून रडले असतीलच. पण जास्त यासाठी, की मनोहर आता परत येऊन तेच वाक्य बोलला असता, तरी आपण गेलो असतो याची त्यांना खात्री वाटेना.

मग सुटका नाही का? आहे. पण मनोहरनं सांगितली होती तशीच आहे. सावकाश सवय करावी लागते! शंभर फटके चुकतील, फजिती होईल, लोक भोळा म्हणतील. म्हणू देत! अण्णा पुढं रोज त्या टेबलावर एकटेच खेळत बसायचे. हात सरळ झाला का, मला माहीत नाही. ज्याच्यासाठी व्हायला हवा होता, तो बाक रिकामा होता.

आता माझ्याकडे नका बघू, स्वतःकडे बघा! सून म्हणते, "मामंजी, दमला असाल, बसा." तुम्ही काय ऐकता? भाऊ म्हणतो, "गावाकडं ये एकदा, वहिनीनं आठवण काढलीय." तुम्ही ताबडतोब सातबारा आठवता! बायको म्हणते, "आज माझ्याजवळ बसा थोडं." तुम्ही विचारता, "का? काय झालं?" काही झालेलं नसतं हो! तिला तुम्ही जवळ हवे असता! जगानं तुम्हाला फसवलंय, मान्य. म्हणून जे फसवत नाहीत त्यांच्याकडून किती दिवस वसूल करणार?

आता आरती होईल, प्रसाद वाटला जाईल. मी कधी कुणाला आरतीआधी उठू देत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. आज देतो. तुमच्यापैकी कुणाला, कुणीतरी, "ये" म्हणून सांगून ठेवलं असेल, आणि तुम्ही दुसऱ्या बोलीची वाट बघत असाल – तर उठा. चपला बाहेर आहेत. विठ्ठलाला मी सांगतो, तुम्ही कुठं गेलात ते.