नववीची गावकी

माजं माहेर आणि सासर एकाच किनाऱ्यावरचं, तारापूरच्या खालच्या अंगाला, एका आळीतनं उठून दुसऱ्या आळीत आले एवढंच. गावाचं नाव तुमी लिहिण्यात घालू नका बाय, का नको ते पुढं कळेल तुमाला. शाळेत मी गेले ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन, तो रडला की बाई म्हणायच्या जा त्याला घेऊन बाहेर, आणि तो रडकाच होता मेला, तर माजी सगळी शाळा बाहेर पायरीवरच झाली. वाचायला शिकले ती बाजारात. सुका जवळा बांधून द्यायला रद्दी आणायची, गिऱ्हाईक नसलं की तीच वाचत बसायची, एकेक अक्षर जोडत. अर्धीच बातमी असायची, खून कोणी केला ते दुसऱ्या पानावर, आणि ते पान कोणाच्या तरी जवळ्याबरोबर कवाच बोईसरला पोचलेलं. हसता काय, तशीच शिकले मी.

आमची मोठी बोट कवाच नव्हती, लहान होडी, खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायचं, बोय मिळायची, कोळंबी मिळायची, चिंबोऱ्या तर पोरं हातानं धरायची. मग वरच्या कारखान्यांकडनं नाला यायला लागला खाडीत, कधी लाल, कधी पिवळा, वर फेस. मासा मरून वर यायचा नि पोटाकडनं पांढरा दिसायचा सगळीकडं. आमचे मालक त्या आधीच गेले, त्यांनी नाय बघितलं ते, बरंच झालं. मुलगा माजा प्रमोद, त्यानं होडी वर ओढून ठेवली ती ठेवलीच, आणि बोईसरला कारखान्यात लागला, ठेकेदाराच्या हाताखाली. काय सांगू तुमाला, ज्या बाजूनं नाला येतो त्याच बाजूला माजा मुलगा रोज सकाळी डबा घेऊन जातो. त्याला मी काय बोलणार? मी नि सून विकत आणून बोंबील सुकवतो, त्याच्यावर घर चालत नाय. घर प्रमोदच्या गेटपासवर चालतं.

आता गावकी म्हणजे काय ते सांगते, तुमी शहरातल्या. आमच्यात गावकी बसते आणि ठरवते, उद्या दर्यात कोणी जायचं नाय, तर नाय म्हणजे नाय. आणि एखादा गेलाच, तर त्याला मारत नाय, शिव्या देत नाय. तो परत आला की त्याची होडी वाळूवर ओढायला कोणी हात देत नाय. एवढंच. होडी एकट्यानं ओढून बघा कवा. भरती चढत असते, लाट मागून मारते, आणि सगळा गाव किनाऱ्यावर बसून बघत असतो. मग तो माणूस नारळ घेऊन गावकीत येतो, सगळ्यांसमोर ठेवतो, चुकलो म्हणतो, तवा सुटतो. ह्या गोष्टी मी माज्या नातीला, तन्वीला, लहानपणापासनं सांगत आले, कौतुकानंच सांगायची, बघ आपला गाव कसा एक होता.

तन्वी नववीला गेली आणि शाळेत वरठा बाई आल्या. त्या डोंगराकडच्या, वारली, विक्रमगडाच्या पलीकडं त्यांचं गाव, आई-बाप पावसाळा संपला की वीटभट्टीवर जायचे, त्या भट्टीवरनं शिकलेल्या. इतिहास नि नागरिकशास्त्र शिकवायच्या. आता नागरिकशास्त्र म्हणजे पाठ करायचं नि विसरायचं, पण ह्या बाई पोरांना विचारायच्या, तुमच्या गावात पाण्याच्या नळावर आधी कोण भरतं नि मागनं कोण, जा बघून या. आमची पोरगी घरी येऊन माजं डोकं खायची. आजी, गावकीत बायका का नाय बसत? म्हटलं स्वयंपाक कोण करील मग? म्हणते, म्हणजे मासे विकून पैसे आणायचे बायकांनी नि ठरवायचं पुरुषांनी? म्हटलं तुज्या बाईंचं लग्न झालंय का गं? म्हणते, आजी तू विषय बदलतेस. सून तोंडाला पदर लावून हसत होती. मला राग नाय आला हो, खरं सांगते, मनात म्हटलं मला पायरीवर बसवणाऱ्या बाईंच्या जागी ह्या असत्या तर.

मग बाईंनी सगळ्यांना काम दिलं, आपल्या गावातली एक गोष्ट निवडा जी बरोबर नाय, आणि ती बरोबर व्हावी म्हणून काय करता येईल ते तुमीच ठरवा. पोरांनी नाला निवडला. दुसरं काय निवडणार? ठरवलं की सोमवारी मधल्या सुट्टीनंतर सगळा वर्ग नाल्याच्या तोंडाशी जाऊन बसायचा, हातात पाट्या, आमच्या खाडीचं पाणी परत द्या. बाईंनी मोठ्या बाईंची परवानगी काढली. पण वर्गात कोणीतरी म्हटलं की अर्धी पोरं यायचीच नायत, घाबरतील. तवा आमची तन्वी उठली. म्हणाली, गावकीसारखं करू. जो येणार नाय त्याला कोणी हात द्यायचा नाय, बोलायचं नाय, बाकावर शेजारी बसायचं नाय. बाई तवा वर्गात नव्हत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मला सांगते, आजी, तुजी गोष्ट मी वर्गात सांगितली. मी तिला जवळ घेतलं, इतकं बरं वाटलं मला.

रविवारी प्रमोद कामावरनं आला तो तसाच ओट्यावर बसला, पाय पण धुतले नाय. ठेकेदारानं बाजूला घेऊन सांगितलेलं, तेरी लडकी लीडर बनी है क्या, उधर नाले पे दिखी तो कल से गेट पे मत आना. पाट्या रंगवतानाचा फोटो कोणीतरी फोनवर फिरवलेला, त्यात तन्वी मधोमध. प्रमोदनं तिला हाक मारली. मला वाटलं आता ओरडतो. पण तो म्हणाला, तनू, उद्या जाऊ नको गं, आणि खाली बघत बसला. ती म्हणाली, पप्पा, नाला बरोबर हाय का? तो म्हणाला, नाय. मासे मरतात ते बरोबर हाय? नाय. मग मी का जाऊ नको? तर म्हणतो, बाय माजे, तुजा बाप दुसरं काय करायला शिकलेला नाय आता. तिला ओरडला असता तर ती गेली असती, मी ओळखते तिला.

सोमवारी पोरं नाल्यावर बसली, ती घरात बसली. मंगळवारपासनं तिला हात बंद. प्रार्थनेच्या रांगेत तिच्या पुढं-मागं जागा सोडून उभी राहायची. निधी, आमच्या भिंतीला भिंत लावून राहते, अंगणवाडीपासनं दोघी एका डब्यात जेवणाऱ्या, ती पण बाक सोडून गेली. आणि तन्वीला कारण सांगता येईना. सांगितलं असतं तर गावात बोलणं झालं असतं, प्रमोद कंपनीच्या बाजूचा, आणि ठेकेदाराच्या कानावर गेलं असतं की प्रमोद बाहेर बोलतो. मी म्हणायची सांग तरी निधीला, ती म्हणायची, आजी, नियम माजाच हाय, मी कोणाला काय सांगू? जेवायला वाढलं की भात चिवडत बसायची. शाळेत जायला नको म्हणायला लागली. पोटात दुखतं, डोकं दुखतं.

मग वरठा बाई घरी आल्या. चटईवर बसल्या, सुनेनं चहा केला. बाई म्हणाल्या, आजी, मी ह्यांना एकत्र उभं राहायला शिकवलं, कोणाला बाहेर काढायला नाय शिकवलं. मी वर्गाला कारण सांगते. प्रमोद दारातनं म्हणाला, नको बाई, तुमचे पाय धरतो. बाईंनी मग तो विषय सोडला. त्यांना पण वरनं सांगून झालेलं, पुस्तकात हाय तेवढंच शिकवा, नायतर दुसरी शाळा बघा. जाताना म्हणाल्या, आमच्या भट्टीवर मालक असाच एकाला धरायचा, बाकीचे आपसूक घाबरायचे.

मला वाटलं, एवढं काय, नारळ ठेवला की सुटतो माणूस. मी बाजारातनं चांगला नारळ आणला, लुगडं बदललं, आणि तन्वीला न सांगता शाळेत गेले. नववीचा वर्ग उठून उभा राहिला, नमस्ते आजी. मी टेबलावर नारळ ठेवला नि म्हटलं, पोरांनो, माज्या नातीचं चुकलं, पदरात घ्या तिला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली, निधी तर रडायलाच आली. चालेल असं म्हणणार होती सगळी, मला कळत होतं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरनं तन्वी उठली. आजी, नारळ उचल. मी काय चूक केली ते सांग आधी. अगो पण नियम असतो, म्हटलं. ती म्हणाली, नियमच चुकीचा होता, मी केला तवाच चुकीचा होता, कोण का आलं नाय ते विचारायचंच नाय असा कसला न्याय? आणि माफी मी मागणार नाय. वरठा बाई खिडकीशी उभ्या होत्या. मी नारळ पिशवीत टाकला. घरी येईपर्यंत मला तिचा राग येत होता, आणि घरी आल्यावर कळेना नक्की कोणाचा येतोय.

आता ऐका पुढं. पोरं दुसऱ्यांदा नाल्यावर जाणार होती. त्याच्या आधी निधीच्या बापाला ठेकेदारानं बाजूला घेतलं. मग वर्गातल्या एका पोराच्या काकाला. मग एका पोरीच्या आईला, ती पॅकिंगला जाते. आमच्या गावात कारखान्यात कोणी जात नाय असं घर शोधून दाखवा. त्या दिवशी नाल्यावर कोणी गेलं नाय. सगळी आपापल्या घरात. आणि दुसऱ्या दिवशी निधी काही न बोलता येऊन तन्वीच्या बाकावर बसली, डबा उघडला, म्हणाली कोळंबीचं कालवण हाय, घे. संपलं. कोणी माफी मागितली नाय, कोणी विचारलं नाय. सगळीच तिच्याशी बोलायला लागली परत.

मला वाटलं पोरगी खूश होईल. ती येऊन माज्या मांडीवर डोकं ठेवून म्हणते, आजी, सगळी घाबरली म्हणून परत बोलायला लागली, असं नको होतं मला. मी तिच्या केसांतनं हात फिरवत राहिले.

आता ती दहावीला हाय. वरठा बाई अजून हायत, पुस्तकातलं वाचून दाखवतात, पोरं खाली बघून ऐकतात. देव त्या बाईंना उदंड आयुष्य देवो. तन्वी बोलते घरात, मोठी होऊन वकील होणार म्हणते, बाप ऐकतो नि भिंतीकडं बघतो. नाला काल हिरवा होता, कालच बघून आले. सकाळी दोघं एकदमच निघतात, तो गेटवर, ती शाळेत. मी दारात उभी राहून दोघांना म्हणते, सांभाळून जा. देवाला सांगायला जाते तर तिथं अडकते, ह्याची नोकरी राहू दे म्हणू का हिचं बोलणं खरं होऊ दे म्हणू, दोन्ही एकदम मागायला जीभ वळत नाय. मग नुसता हात जोडते नि बोंबील उलटायला जाते.