निवल्यावर वडी पाडावी

२००६ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या दुकानात बिलाच्या रांगेत एक मायलेक माझ्यापुढे उभे होते.

"आर्य, डबा नीट बघ. बिनसाखरेचं आटवलेलं दूध हवंय."

"आई, उद्या नादेजचे आईवडील पहिल्यांदा येतायत. पुरणपोळी कर ना. हैतीच्या माणसांना हैतीचीच ती ओव्हनमध्ये भाजून वड्या पाडायची मॅकरोनी म्हणजे रिस्की आहे."

"पुरणपोळीला ते छानच म्हणतील, त्यांना त्यातलं काय कळतंय? मॅकरोनीतलं कळतं."

"मंगळवारच्या मॅकरोनीत तू गोड कंडेन्स्ड मिल्क घातलंस."

"बाबांनी बासुंदी म्हणून खाल्ली."

"गुरुवारची चमच्याने वाढावी लागली."

"गरम कापली ना. मग नादेजच्या आईलाच फोन केला. त्या म्हणाल्या, आधी निवू दे, मग वड्या पाड. घाई केली की वडी रुसते, हे मला ठाऊक नव्हतं होय? पण ऐकून घेतलं."

"तू फोन केलास? आमच्या लग्नाला तर अजून हो म्हणाली नाहीस."

"मी मॅकरोनीबद्दल बोलतेय."

"आई."

"हा ट्रे लहान आहे. नादेजला मावश्या किती?"

"सहा."

"मग मोठे दोन आण, आणि त्यांनाही उद्याच बोलाव. मावश्यांना काय एकदम लग्नातच भेटायचं?"