तारांखालचे धागे

बेचाळीसच्या दसऱ्यानंतर मी बायकोचा, गुंजेनासा झालेला तंबोरा विकायला मिरजेला नेला. तंबोरे बनवणाऱ्या कारागिराच्या दुकानात माझ्यापुढे तासगावच्या सासू-सुना तंबोरा घेऊन बसल्या होत्या.

"ह्यो मुकाच झालाय. परवा औंधात गायचंय हिला."

"आत्याबाई, तुम्ही हात कशाला लावलात?"

"पूजेला मांडायचा तर पुसू नको व्हय? तारांखाली मळके धागे हुते, तेबी काढून टाकलं."

"मावशी, त्या धाग्यांमुळंच तार गुंजते. थांबा."

कारागिरानं चारही तारांखाली सूत सरकवलं आणि तंबोरा छेडला.

"बाई गं! म्हंजी म्या मोडला न्हाई!"

"नाही मोडला. आता रडू नका, आत्याबाई."

"आता फडकं लांबनंच दावीन त्येला."

"तुमचं काय, साहेब?"

"धागे तेवढे बदला. परत न्यायचाय."