चौकातून जायचं

आर्मेनियातल्या ग्युम्री शहराच्या मिनीबसमध्ये, खिडकीशी बसलेल्या वार्सिकच्या पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या, दोघी लग्नाच्या कपड्यांत.

“आई, बाजारापाशी उतरू. मागच्या गल्लीने चर्चमध्ये जाता येतं.”

“भूकंपापासून त्या गल्लीनेच हिंडतेय. आज वर्दानांत्स चौकातून जायचं.”

“मागे चौक नुसता लांबून दिसला, तर तुला दरदरून घाम फुटला होता.”

“फुटू दे. रुमाल आणलाय.”

“बाबा भूकंपात त्या चौकातच गेले, आई. आज लग्नाच्या दिवशी कशाला ते?”

“म्हणूनच तर! नात तिथल्याच चर्चमध्ये नवरी होऊन उभी राहणार, आणि आजी चोरासारखी मागच्या दाराने येणार होय?”

“तू रडलीस, तर नवरी नाझेलीही रडेल.”

“रडू दे की. लग्नात रडतातच. चर्चचा कोसळलेला घुमटसुद्धा पुन्हा चढवला ना लोकांनी?”

ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, “हायकानुश मावशी, बाजार आला. नेहमीसारखं थांबवू ना?”

“पुढे घे रे बाबा. चौकात थांबव.”

चौक आला. म्हातारी बसच्या पायरीवर थबकली. दांडा सोडेना.

“आई, धरू का तुला?”

“धर. पण मागे ओढू नकोस.”

वार्सिक खिडकीतून बघत राहिली. कडेकडेने न जाता दोघी सरळ चौकाच्या मधून चालल्या होत्या, आणि म्हातारी अर्धं पाऊल पुढे होती.