सावलीतही फिरणारा पंखा

नाही, नाही, तो कागद तिथी नोका ठेवू गुरुजी — त्या रेडिओचा मागचा पत्रा काढून ठेवला हाय मी, अन् स्विच चालू हाय. बाकावर ठेवा. हां. अन् माठातलं पाणी घ्या आधी. कुहीहून एवढ्या मे महिन्याच्या उन्हात यष्टीत उभं राहून आले म्हणता, अन् कायच्यासाठी, तर या कागदासाठी! कोणं सांगतलं तुमाले माहं नाव? 'इंदोऱ्याच्या चौकात जागेश्वर रामटेके रेडिओवाला हाय, कॉलेजच्या लॅबमधे नोकरी करते, त्याले सोलारमधलं समजते, शेअर घ्याचे तर त्याले विचारून घ्या' — असंच ना? असंच असन. दोन वर्षं झाले तरी लोकाइच्या तोंडी हेच हाय. थुंकावं वाटते मले गुरुजी. तुमच्यावर नाही, तुम्ही मास्तर माणूस, रागावू नोका. पण थुंकावं वाटते.

आणा इकडे. पाहू. 'अरुणकिरण सोलार लिमिटेड' — कागद त भारी हाय, गुळगुळीत, लग्नाच्या पत्रिकेसारखा. हे वाचलं तुम्ही? 'कळमेश्वर येथील आमचा अद्ययावत कारखाना.' फोटो पाहा. नाही, असं दुरून नाही, चष्मा लावा अन् पाहा. कारखान्याच्या मागं काय हाय? डोंगर. डोंगरावर पांढरं काय हाय? ढग? ढग कायचे जी, बर्फ हाय तो! कळमेश्वरले बर्फ पडते काय? कोण्या इंग्रजी मासिकातून कापलेला फोटो हाय. अन् हे पाहा — 'बॅटरीशिवाय दिवस-रात्र वीज'. रात्री सूर्य कोठी राहते गुरुजी? तुम्हीच शिकवता ना चौथीच्या पोट्ट्याइले? मंग? तिथी खडू घेऊन शिकवता अन् इथी अक्कल गहाण ठेवता? अन् हे सगळ्यात शेवटी — दहाचा शेअर वर्षात शंभरावर. कोण सांगून राहिला? एजंट. एजंटले कोणं सांगतलं? मुंबईच्या मोठ्या माणसानं. मुंबईच्या मोठ्या माणसाले कोणं सांगतलं? त्याचं नाव कोणाले माहीत नाही. पण टीप पक्की हाय! किळस येते मले या शब्दाची — टीप. ज्याच्या घरी खरंच सोन्याचा हंडा सापडला, तो काय गावभर बोंबलत फिरते, की या बाप्पा, तुमीबी दोन मुठी घ्या?

नाही, सोलार खोटं हाय असं मी कोठी म्हटलं? ऐका ना. सूर्य खरा हाय, अन् ती निळी चकतीबी खरी हाय. आमच्या लॅबमधे हाय एक, मुंबईहून आलेली, माचिसच्या डबीएवढी. मी पेटी उघडली होती तिची पहिल्यांदा, या हातानं. खिडकीत ठेवली, दोन तार लावले, अन् मीटरचा काटा हालला — ना सेल, ना चावी, ना काही — नुसतं ऊन पडलं अन् काटा हालला. हात आडवा धरला का काटा खाली, हात काढला का वर. बावीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या मी त्या लॅबमधे गुरुजी, पण त्या दिवशी मले रडू आलं, खरं सांगतो. म्हटलं, आमच्या वस्तीत म्युनिसिपालटीचा एक खांब हाय, त्याचाबी बल्ब आठ-आठ महिने गेलेला राहते, अन् ऊन त आमच्याकडे फुकट, नागपूरएवढं ऊन कोणाले हाय? मंग मी वाचाले लागलो. प्रोफेसर लोकाइनं फेकलेले इंग्रजी मासिकं घरी आणाचो, डिक्शनरी घेऊन वाचाचो. लोकाइले समजावून सांगाचो. त्याच्यानंच झालं ना सगळं. काही वाचलं नसतं त बरं झालं असतं.

सन पंच्याऐंशी. ते साल आठवते ना तुमाले? जो तो शेअरचे फॉर्म भरून राहिला होता. पानठेल्यावर फॉर्म, न्हाव्याच्या दुकानात फॉर्म. तेवढ्यात हा केशवबाबू आला — सफारी सूट, हातात चामड्याची बॅग, अमेरिकेत शिकून आलो म्हणे. त्याच्या कंपनीचं नाव भास्करदीप सोलार. कारखाना हिंगण्याच्या बाजूले होणार होता. थो सरळ माह्या दुकानात आला, तुम्ही बसले ना, त्याच बाकावर बसला. अन् काय म्हटलं त्यानं मले, माहीत हाय? 'रामटेके सर'. सर! कॉलेजमधे मले कोण काय म्हणते, सांगू? 'जागेश्वर, पाणी आण.' 'जागेश्वर, टेबल पूस.' काल आलेलं चोवीस वर्षांचं लेक्चरर पोरगं मले अरे-तुरे करते. अन् हा सुटाबुटातला माणूस म्हणते — सर, तुमच्यासारखा जाणकार माणूस या भागात दुसरा नाही, आमची मशीन एकदा तपासून द्या. तपासून द्या म्हटलं त्यानं! मी त्याच्यासाठी बर्डीच्या बाजारातून पेढे आणले, एवढा येडा झालो होतो मी.

मंग समाजमंदिराच्या पटांगणात कार्यक्रम ठेवला. दोन-अडीचशे लोक असतीन. टेबलावर हा एवढा निळा पत्रा, वाकडा उभा केलेला, त्याच्याखाली एक सीलबंद डबा, अन् डब्यातून तार गेलेला टेबलफॅनले. पंखा फिरून राहिला भर्र. लोक टाळ्या वाजवून राहिले. मले खुर्ची दिली पुढे, केशवबाबूच्या बाजूची. माईकवरून सांगतलं, 'आमचे तांत्रिक सल्लागार, प्राध्यापक रामटेके सर' — प्राध्यापक! — अन् मी उठून हात जोडले. बायको समोर बसली होती माही, चंद्रकला. तिच्याकडे पाह्यलं मी. ती हासत नव्हती, पण तिचा पदर तिनं नीट केला, जसं बाई मोठ्या माणसाच्या घरची असल्यावर करते तसं. त्याच्यानंतर मी खाली बसलो. अन् मंग मी काही बोललो नाही. हातात पत्रक दिलं, त्याच्यावर 'मी स्वतः तपासले आहे' असं छापून होतं, खाली माही सही पाहिजे होती. केली. काहून केली म्हणता? पेन त्यानं उघडून दिला होता.

टाकले ना, लोकाइनं गंज पैसे टाकले, ढीगभर. आमच्या एका गल्लीतून चौदा घरांनं. कोणं मिलच्या फंडातून, कोणं गळ्यातलं मोडून. पाहाचे फक्त पत्रकावरची सही — आपल्या जागेश्वरची हाय ना, मंग झालं. माह्या घराच्या बाजूले सखूबाई राहते. नवरा मिलमधे होता, वारला, त्याचा फंड भेटला होता तिले. पोरीचा, सिंधूचा, नर्सिंगच्या शाळेत नंबर लागला होता वर्ध्याले, तिच्या फीसाठी अन् राहाच्या-खाण्यासाठी ते पैसे ठेवले होते. ती आली माह्या दारात. 'भाऊ, तुम्ही सांगा. टाकू का? वर्षानं दुप्पट झाले त पोरीचं सगळं शिक्षण निघन.' मी काय म्हटलं? मी टाका म्हटलं नाही! मी म्हटलं, तुमची मर्जी बाई. हे मी कोणापुढेबी सांगाले तयार हाय — तुमची मर्जी म्हटलं मी. फॉर्म भरला, हो, तिले लिहिता येत नाही त भरून दिला. अंगठा घेतला. साक्षीदार म्हणून सही केली. पण टाका म्हटलं नाही.

काय म्हटलं?

मी किती टाकले?

मी नाही टाकले. एक रुपया नाही. नाही… तेव्हा हात तंग होता माहा. पोराचे कॉलेजचे — नाही, तसं काही नव्हतं. होते पैसे. पोस्टात होते. असे पाहू नोका माह्याकडे गुरुजी. विचारलं तुम्ही, आता ऐका. आतापर्यंत हे कोणं विचारलंच नव्हतं. चौदा घरातून एकानंबी विचारलं नाही, की बाबू, तू किती टाकले.

त्या दिवशी पटांगणात गर्दी होती, लोक पत्र्याजवळ येऊन येऊन पाहून राहिले होते. सखूबाईबी आली. ऊन कडक, तिच्या हातात काळी छत्री, तिच्या नवऱ्याची, मोठी. ती वाकली पत्र्यावर पाहाले, अन् छत्रीची सावली पडली — पुऱ्या पत्र्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळी. अन् पंखा तसाच फिरून राहिला. भर्र. पातीभरबी कमी झाला नाही. अन् मी दीड हातावर बसलो होतो. मी त रोज पोट्ट्याइले दाखवतो ना, हात आडवा धरला का काटा खाली! मले कोणं सांगाची गरज नव्हती. त्या डब्यात स्कूटरची बॅटरी होती गुरुजी. पत्रा नुसता रंगवलेला होता. मले तेव्हाच समजलं — सही कराच्या आधी. आधी समजलं, अन् मंग सही केली.

मंग काय, जे व्हाचं ते झालं. शेअरचे कागद आले, सोनेरी काठाचे. लोकाइनं फ्रेम केले. इतवारीच्या बाजारात भाव वाढला म्हणे, कोणं म्हणे वीस, कोणं म्हणे पंचवीस, पण विकाले गेला त घ्याले कोणी नाही. आठ महिन्यानं ऑफिसले कुलूप, केशवबाबू गायब. मी सायकल घेऊन हिंगण्याले गेलो, कारखाना पाहाले. टिनाचं शेड होतं. बळीराम नावाचा एक चौकीदार, सहा महिन्याचा पगार नाही त्याले, खोक्याच्या फळ्या फोडून त्याच्यावर डाळ शिजवून राहिला होता. मी म्हटलं, मशिनी कोठी हायेत? थो म्हणे, 'साहेब, मी आलो तवापासून हे खोके हायेत फक्त. तुमी कोण?' मी म्हटलं, कोणी नाही. खरंच सांगतलं ना?

लोकाइनं मारलं असतं त बरं झालं असतं. दोन-चार जणांनं शिव्या देल्ल्या, एकानं दुकानाची काच फोडली, थे ठीक हाय, थे समजते मले. पण सखूबाई आली एक दिवस. मी इथीच एका रेडिओच्या तारा जोडून राहिलो होतो. मान वर केली नाही. ती उभी राहिली, म्हणे, 'जय भीम भाऊ.' मी म्हटलं, जय भीम. मंग म्हणते, 'भाऊ, एक विचारू? त्या दिवशी माह्या छत्रीची सावली पडली होती त्याच्यावर. तरी पंखा चालून राहिला होता. मले वाटलं, असं कसं? ऊन नाही त कसा चालते? मी तुमच्याकडे पाह्यलं, भाऊ. तुम्हीबी तिकडेच पाहून राहिले होते. अन् तुम्ही मान डोलावली. मंग म्हटलं, आपण अडाणी, भाऊले समजते त बरोबर असन.'

अक्षर न शिकलेली बाई गुरुजी! तिले समजलं होतं. अडीचशे लोकात तिले एकटीले समजलं होतं, अन् तिचं समजणं मी माही मान डोलावून पुसून टाकलं. रागावली असती त मी पाय धरले असते. ती रागावली नाही. 'असू द्या' म्हणे, अन् गेली. सिंधूचा नंबर गेला. आता जरीपटक्याच्या मार्केटात एका दुकानात साड्याच्या घड्या घालते, दहा ते आठ, उभ्यानं. पोस्टातले पैसे काढून नेऊन देल्ले मी, मागच्या दिवाळीत. सखूबाईनं घेतले नाही. दार लोटून घेतलं, बस. चंद्रकला माह्याशी बोलते, जेवाले वाढते, सगळं करते. पण चार लोकात माह्या बाजूले बसत नाही.

आता हा तुमचा कागद. तुम्ही विचारता, चांगला का वाईट. सांगतलं ना — बर्फ हाय मागं, रात्रीची वीज हाय, दहाचे शंभर हायेत. जिथी मशीन पाहू देत नाही, डबा उघडू देत नाही, बॅटरी कोठी हाय ते सांगत नाही, तिथी एक पैसाबी टाकाचा नाही. सूर्य कोठी पळून चालला नाही. खरी कंपनी येईन, दहा वर्षानं येईन, वीस वर्षानं येईन, तवा घ्या. झालं. माहा सल्ला झाला. फी नाही माही.

मंग तोंड काहून उतरलं तुमचं? बरंच झालं ना वाचले त?

थे काय हाय पिशवीतून डोकावून राहिलं? नाही, ती छत्री नाही, तिच्याखालचं ते निळं. पावतीबुक हाय ना? दाखवा. दाखवा म्हटलं त. 'अरुणकिरण सोलार — कुही तालुका प्रतिनिधी — गणपतराव…' हे तुमचं नाव हाय काय? अन् या फाडलेल्या पावत्या… एक, दोन… अर्धं बुक संपलं, गुरुजी. म्हणजे घेतले तुम्ही पैसे? गावातून? हेडमास्तरची, शिपायाची, या दादाजीची — हा कोण, म्हातारा हाय का? विधवा-बिधवा हाय का यात कोणी?

म्हणजे तुम्ही विचाराले आलेच नाही. घेऊन बसले तुम्ही आधीच. तुमाले फक्त कुहीत जाऊन सांगाचं होतं, की नागपूरच्या जागेश्वर सरानं हो म्हटलं.

नाही, बोलू नोका. मले सगळं पाठ हाय तुम्ही जे बोलणार ते. मानसन्मान, तालुका प्रतिनिधी, खुर्ची. मले काही सांगू नोका. हे घ्या पावतीबुक. हा घ्या कागद. तीनची गाडी हाय कुहीची, थे पकडा, अन् ज्याचे ज्याचे पैसे हायेत त्याच्या दारात आजच जा, शाळेत बोलावू नोका त्याइले. कमिशन भेटलं असन तेबी देऊन टाका. अन् पैसे पुढे पाठवून देल्ले असन, त घरचं मोडा.

काहून बसून राहिले? उठा ना.

उठा म्हटलं ना गुरुजी!