नवशा कधीच बाद व्हायचा न्हाई

मी मूळचा घोटावड्याचा. बापाची भातखाचरं व्हती, खायापुरतं पिकायचं, पर मी सातवी पास झालो आन मास्तर झालो, आमच्या घरात खडू हातात धरणारा मीच पयला. तवा सातवीवर मास्तरकी मिळायची, आता हसत्याल पोरं. आजून महाराष्ट्र व्हायचा व्हता बगा. डोंगराकडच्या शाळंवर नेमलं मला, एक खोली, चार यत्ता आन मास्तर मी एकलाच.

काय सांगू तुमाला, वरनं कागद आलावता, पोरांना शिकवा की समदी माणसं सारखी. मग मी रोज म्हणून घ्यायचो, आपुन सारी एक. पोरं बेंबीच्या देठापासनं वरडायची. कातकरवाडीवरनं एकच पोरगं यायचं, नवशा, त्ये दाराशी बसून समद्यांच्या वर आवाज काढायचं. दाराशी त्याला मीच बसवलावता, आता कशाला लपवू.

तर हुतुतूत ह्यो नवशा कधी बाद व्हायचाच न्हाई. दम घिऊन आत गेला की पोरं मागं मागं सरायची, ह्यो दोगा-तिगांना शिवून आरामात माघारी. शिवलेली पोरं खेळ संपला की वढ्यावर जाऊन आंग धुऊन यायची. मला वाटायचं नवशा लई चपळ हाय, आन पोरं सोच्छता शिकली. आवो चपळ कसला, त्याला कुणी धरतच न्हवतं, इटाळ हुतो म्हणून. आन मी मास्तर, डोळ्यादेखत चाललेलं मला दिसंना.

म्हणून मोठ्या हौसंनं त्याला पौडाला सामन्याला न्हेला. सकाळी जाताना समद्यांच्या म्होरं पळत व्हता. तितल्या पोरांना काय ठावं ह्यो कोण कुटला, पयल्याच दमाला पाच जणांनी धरून आडवा केला, कुणी पाय धरला, कुणी कंबर. आन नवशा सुटायची धडपडच करीना. धुळीत पडून हसत व्हता वो, दम कवाच तुटलेला तरी हसतुया. मी वरडतोय, आरं वढ, रेघंला हात लाव. दुसऱ्यांदा गेला, पुन्यांदा धरला, पुन्यांदा हसला. हरलो आमी.

माझा राग मस्तकात. माघारी येताना वाटंवर समद्यांना वळीनं हुबं केलं आन एकेकाचा कान पिरगाळत गेलो. शेवटाला नवशा. त्याला म्हणलं, तू उठाबशा काढ. तर त्यानं मान वाकडी केली, कान म्होरं केला आन म्हणला, गुर्जी, माझा बी धरा की.

तवा मला समदं उमगलं. हात वर ग्येला माझा, खोटं सांगत न्हाई. पर पोरांचं डोळं माझ्या हाताकडं, ती घरी जाऊन सांगणार, राहायची खोली गावातल्याची, पाणी त्यांच्याच आडाचं. हात खाली आला. म्हणलं, जाऊ दे, तू ल्हान हाईस.

त्यो तसाच कान म्होरं करून हुबा ऱ्हायला. मग आमच्या मागनं चालाय लागला, वीस पावलं सोडून.

शाळंत त्यो परत आला न्हाई. चार दिस वाट बघून मी वाडीवर ग्येलो. त्याची आय म्हणली, बापासंगं कोळशाच्या भट्टीवर ग्येला घाटाखाली. मी म्हणलं, आला की धाडून द्या. ती हासली नुसती.

फुडं मी ते आपुन सारी एक म्हणून घ्यायचं बंद केलं. हुतुतूत स्वता उतरायचो, वाडीवरची दुसरी दोन-तीन पोरं याया लागली व्हती, त्यांना पयलं मी कवळा घालून धरायचो, मग बाकीची पोरं धरायची. गावानं खोली सोडाया लावली, मी पडवीत ऱ्हायलो शाळंच्या. लोक म्हणायचं मास्तर सुदारला. पर ज्यानं कान म्होरं केलावता त्याला काय मिळालं त्याचं?

आता म्हातारा झालो मी. नवशा कुटं आसंल तितं सुकी ऱ्हावो. त्याच्या भवती माणसं आसावीत, हात धरणारी, आन चुकला तर कान बी धरणारी.