अप्पांचा गणपती

खुर्ची कशी धरून ठेवावी, ते आमच्या धारूरच्या किराणावाल्या अप्पांकडून शिकावं बे! अप्पा आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. विसर्जन झालं की अध्यक्ष बदलतो, हा मंडळाचा जुना नियम. यंदा नंबर माझा होता. मी तर नवा फेटाबी आणलता. मूर्ती मात्र अप्पांनीच स्वखर्चानं आणून बसवलती.

विसर्जनाच्या दिवशी आमी सगळ्यांनी मिळून मूर्तीला हात घातला, तर ती हालंचना.

"अप्पा, एवढी जड कावून हाय?"

"रंगाच्या खाली दगड हाय," अप्पा म्हणले. "कायमची मूर्ती हाय. हिला बुडवत नसतेत."

"मग अध्यक्ष कधी बदलायचा?"

"विसर्जन झाल्यावर! नियम म्हंजे नियम."

मी मग घरी गेलो, फेटा आणला आन् सोताच्या हातानं अप्पांच्या डोक्याला बांधला.